शेअर घ्याल, पण विकायला गिऱ्हाईक आहे का?

मैत्रिणींनो, आमच्या जव्हारला आठवडे बाजारात नागलीचं पोतं उतरवलं की घेणारे लगेच जमतात. मोखाड्याच्या बोहाड्यातला सुबक मुखवटा नागलीपेक्षा कितीतरी महाग. पण तो आज संध्याकाळच्या आत विकून रोख पैसे आणा पाहू! किंमत असणं वेगळं, गिऱ्हाईक असणं वेगळं. शेअरच्या बाबतीत हे मला पैसे घालवून कळलं.

भिशीच्या पैशातून मी एका लहानशा कंपनीचे ६०० शेअर ४२ रुपयांनी घेतले होते. पुढे सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नाशिकला ठरली. मोबाइलवर भाव ४२च दिसत होता, म्हणून ह्यांना म्हटलं, "काळजी नको, पैसे आहेत." विकायला गेले तर ३६ रुपयांना शंभर शेअर घेणारा एकच! आदल्या दिवशी त्या कंपनीचे सगळे मिळून १८० शेअर विकले गेले होते आणि मी एकटीच ६०० घेऊन उभी. विकायला नऊ दिवस लागले, सरासरी भाव ३३ पडला. ५,४०० रुपये गेले ते गेलेच, वर जाऊबाईंपुढे हात पसरावा लागला.

भावाशेजारी 'व्हॉल्यूम' म्हणून आकडा असतो ना, तो म्हणजे दिवसभरात हातपालट झालेले शेअर. तो मी कधी पाहिलाच नव्हता! पण एका दिवसाचा आकडा पाहून भुलू नका. जत्रेच्या दिवशी गर्दी असतेच. तीन महिन्यांची सरासरी बघा. शिवाय सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचे सौदेही त्यात धरलेले असतात, म्हणून 'डिलिव्हरी'चा आकडाही पाहावा. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत किती अंतर आहे, तेही बघा. माझ्या वेळी ते सहा रुपये होतं, बाई!

सेबीने २०१३ साली अशा थंड शेअरांसाठी वेगळी व्यवस्था केली, तेव्हा एका तिमाहीत रोजची सरासरी १०,००० शेअरांहून आणि ५० सौद्यांहून कमी, अशा खुणा धरल्या होत्या. माझा घरगुती हिशेब त्याहून कडक आहे: आपल्याजवळचे शेअर रोजच्या सरासरीच्या विसाव्या भागापेक्षा जास्त नकोत. जानेवारी २०२३ पासून विकलेल्या शेअरांचे पैसे कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी मिळतात खरे, पण आधी ते विकले तर जायला हवेत!

आता माझ्या वहीत भावाच्या पुढे व्हॉल्यूमचा रकाना आहे. परवा जाऊबाईंनी हौसेने एका कंपनीचं नाव काढलं, तेव्हा मी आधी ती वहीच त्यांच्यापुढे ठेवली.