या व्हिडिओचा रावी कोण?

आमच्या अम्मींनी नऊ दिवस शुगरची गोळी घेतली नव्हती आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. फजरनंतर त्या पाण्याचा पेला आणि गोळ्यांचा डबा घेऊन बसत, तेवढेच आम्ही बघत होतो. दहाव्या दिवशी त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून शुगर पाहिली, आकडा तीनशेच्या वर. "गोळी चुकली का?" असे विचारल्यावर अम्मींनी मान खाली घातली. गोळीऐवजी त्या कलौंजीचा काढा घेत होत्या. "मोबाईल में मौलाना बोले," एवढेच म्हणाल्या.

घरी आल्यावर तो व्हिडिओ आम्ही पाहिला. पांढरी दाढी, हिरवा अमामा, मागे मशीद, आवाज धीरगंभीर. आधी हदीस, मग चाळीस दिवसांचा काढा आणि शेवटी दवाखान्याची औषधे विसरून जाण्याचा सल्ला. उर्दू शिकवण्याच्या सवयीने आमची नजर मशिदीच्या भिंतीकडे गेली. दुरून सुंदर खत्ताती वाटत होती. व्हिडिओ थांबवून पाहिले तर ना अलिफ, ना लाम. एकही अक्षर खरे नव्हते. मौलानांच्या हातातली तसबीह बोटांत विरघळत होती. आणि हजरत अबू हुरैरा यांचे नाव घेताना कोणताही आलिम 'रज़ियल्लाहु अन्हु' म्हणतो. हे मौलाना प्रत्येक वेळी लिहिल्याप्रमाणे नुसते 'रज़ि' म्हणून पुढे जात होते. हा माणूस कधी जन्मलाच नव्हता.

अम्मींना हे पटवायला दोन दिवस लागले. "हदीस पे शक करूं क्या?" हा त्यांचा सवाल, आणि तो चुकीचा नव्हता. कलौंजीची हदीस खरी आहे, सहीह बुखारीच्या किताबुत्तिबमध्ये ती आहे. पण तिच्यात शुगरची गोळी बंद करा असे कुठेही नाही, चमचे नाहीत, चाळीस दिवस नाहीत. उलट इलाज करून घ्या, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याची हदीस हजरत उसामा बिन शरीक (र.) यांच्याकडून अबू दाऊदमध्ये आली आहे. यंत्राने खऱ्या हदीसला स्वतःचे शेपूट जोडले होते. निव्वळ खोटे असते तर अम्मींनी कदाचित ओळखले असते.

असे व्हिडिओ बनतात कसे? एखादा माणूस विषय टाकतो, कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक प्रोग्राम मजकूर लिहितो, दुसरा तो वाचतो, तिसरा चित्रे हलवतो. दिवसभरात असे कितीतरी काढता येतात, आणि तोच मजकूर हिंदी, उर्दू, बंगाली, मराठी अशा हव्या त्या भाषेत फिरवता येतो. कमाई जाहिरातींची. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळवायचा तर १,००० सदस्य लागतात आणि सोबत वर्षभरात ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. म्हणजे चांगले बनवण्यापेक्षा पुष्कळ बनवणे फायद्याचे. दीनचा विषय त्यांना का आवडतो, हेही उघड आहे. आपल्याकडे दीनची गोष्ट मध्येच बंद करणे बेअदबी वाटते. "आमीन लिहा", "जो पुढे पाठवणार नाही त्याचे नुकसान होईल" असे म्हटले की बोट आपोआप चालते.

अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने २०२५ चा शब्द म्हणून अशा मालाचे नाव निवडले: 'स्लॉप'. या शब्दाचा एक जुना अर्थ डुकरांपुढे ओततात ते खरकटे. त्याच वर्षी १५ जुलैपासून यूट्यूबने घाऊक, एकसारख्या व्हिडिओंना कमाई मिळणार नाही, हा आपला नियम अधिक स्पष्ट केला. पण कमाई बंद होणे म्हणजे व्हिडिओ पुसला जाणे नव्हे. हुबेहूब खऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम दृश्य असेल तर तसे जाहीर करावे लागते, हा नियम २०२४ पासून आहे. ती सूचना बऱ्याचदा व्हिडिओखालच्या वर्णनात असते. आमच्या अम्मी वर्णन उघडून वाचतील?

शाळेतही हा माल पोहोचला आहे. हजरत बिलाल (र.) यांच्यावर आठवीला निबंध दिला होता. पाच वह्यांत एकच प्रसंग, जवळजवळ त्याच शब्दांत. सीरतच्या जेवढ्या पुस्तकांपर्यंत आमचा हात पोहोचतो, त्यांपैकी एकातही तो मिळाला नाही. कुठे वाचले, असे विचारले तर पाचही जण म्हणाले, "पाहिले."

मग आम्ही वर्गात सहीह बुखारीची पहिली हदीस काढली, नियतीची. मजकूर बाजूला ठेवला आणि फक्त नावे फळ्यावर लिहिली: हुमैदी, सुफियान, यह्या बिन सईद अन्सारी, मुहम्मद बिन इब्राहीम तैमी, अल्कमा बिन वक्कास लैसी, हजरत उमर (र.). अल्कमांनी ती हजरत उमर (र.) यांच्याकडून मिंबरवरून ऐकली, इथपर्यंत नोंद आहे. बाराशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या इमाम बुखारींना एका वाक्यासाठी इतकी माणसे सांगावीशी वाटली. अस्माउर्रिजालच्या ग्रंथांत रावी कुठला, त्याचे उस्ताद कोण, दोघांची भेट शक्य होती का, म्हातारपणी त्याची स्मरणशक्ती ढासळली होती का, हेही पाहिले आहे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या खबरीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे, त्याला आपल्या बुजुर्गांनी अशी शिस्त दिली. एका मुलीने विचारले, "सर, मग व्हिडिओची सनद कुठे लिहिलेली असते?" या प्रश्नावर तासाची घंटा झाली.

घरी आम्ही अम्मींचा मोबाईल काढून घेतला नाही. दुपारी तोच त्यांचा सोबती असतो. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद केली, पाहिलेल्यांची यादी पुसली आणि तशी चॅनेल्स पुन्हा दाखवू नयेत, हा पर्याय एकेका चॅनेलवर दाबला. चार दिवसांनी त्यातली काही नव्या नावाने परत आली. मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांचे बयान रेकॉर्ड करून आता त्यांना ऐकवतो. आवाज खरखरतो, मध्येच पंखा ऐकू येतो, पण शंका आली तर जुम्याला जाऊन विचारता येते. गोळी आता आमच्यासमोर घेतली जाते. यावर त्या नाराज आहेत.

परवा नातू काहीतरी दाखवायला गेला तर त्या म्हणाल्या, "पहले बोल, रावी कौन है?" आम्हाला हसू आले. लगेच त्या आमच्याकडे वळल्या. गेल्या रमजानमध्ये आम्ही कुटुंबाच्या ग्रुपवर सहरी-इफ्तारीचे एक वेळापत्रक टाकले होते, ते कुणी काढले होते, हे त्यांना हवे होते. आम्ही मोबाईल काढला, खूप वरपर्यंत गेलो. त्यावर चांद होता, मिनार होता. नाव कुणाचेच नव्हते.