शेगाव ते पारस : पायी वारीचा पहिला दिवस

शेगावहून अकोला रेल्वेने ४० किलोमीटरच्या आत आहे. गजानन महाराजांची पालखी मात्र शेगाव सोडल्यावर तिसऱ्या दिवशी अकोल्यात येते. पहिल्या दिवशी दुपारी नागझरी आणि मुक्कामाला पारस, दुसऱ्या दिवशी गायगाव आणि भौरद. पुढे पंढरपूरपर्यंत महिनाभराची वाट असते, म्हणून सुरुवातीचे टप्पे मुद्दाम बेताचे ठेवलेले दिसतात. नवखा माणूस नेमका इथेच फसतो. आज एवढंच चालायचं आहे म्हणून तो सकाळी भराभर सुटतो आणि दुपारी पाय धरून बसतो.

निघण्याची तारीख आषाढी एकादशीवरून मागे मोजतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. २०२३ साली पालखी २६ मे रोजी निघाली, २०२४ मध्ये १३ जूनला आणि २०२५ मध्ये २ जूनला. तिन्ही वेळा तिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमीच्या आसपासची होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, म्हणून पुढच्या वर्षीची आषाढी लांबली. कागदावर हा फरक अठरा दिवसांचाच, पण वऱ्हाडात तो फार मोठा. मे अखेर निघालात तर नवतपा डोक्यावर असतो. जूनच्या मध्यात निघालात तर एखादी सर पडलेली असू शकते, आणि मग काळी माती चपलेला अशी धरते की डांबर सोडून कडेने चालायची सोय राहत नाही.

चालण्याचा वेग कोणा एकाच्या हाती नसतो. पुढे पताका, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग आणि वीणा अशी दिंडीची मांडणी असते. संस्थानाच्या पालखीत पांढऱ्या वेशातले सुमारे ७०० वारकरी असतात आणि अभंगाच्या लयीवर सगळी रांग सरकते. एकट्याने चालायची सवय असलेल्याला ही चाल सुरुवातीला कंटाळवाणी वाटते. तासाभराने मात्र श्वास टाळाच्या ठेक्यात बसतो, पाऊल आखूड पडू लागतं आणि पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो. पुढे पळून झाडाखाली वाट पाहत बसणाऱ्यांपेक्षा रांगेत राहणारे संध्याकाळी जास्त ताजे असतात, असं माझं मत आहे.

डांबर तापलं की अनवाणी चालणारे रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरतात. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून ती काळ्या डांबरापेक्षा कमी तापते. पादत्राणं घालणार असाल तर ती जुनी, पायात मुरलेलीच हवीत. घाम आणि घर्षण यांनी फोड येतो. तो फोडू नये, वरची कातडी हीच त्याची पट्टी. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी, मुक्कामाची वाट पाहू नये.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथल्या कितीतरी विहिरी-बोअरचं पाणी खारट, त्याने तहान भागत नाही. गावकरी टँकर लावतात, माठ भरून ठेवतात, तरी गोड्या पाण्याची एक बाटली स्वतःजवळ असावी. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, हे मिश्रण घोट घोट प्यावं. डोकं गरगरलं, मळमळलं, घाम येईनासा झाला तर लगेच सावलीत बसून मदत मागावी. उष्माघात भाविक आणि नास्तिक असा भेद करत नाही.

नागझरीला गोमाजी महाराजांचं स्थान आहे. तिथे दुपारचं जेवण आणि विसावा. वाढणारा वऱ्हाडी माणूस 'घ्या ना माऊली, अजून एक' म्हणत पानावरून हलत नाही. त्याला नाही म्हणणं हे पहिल्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम, कारण भरल्या पोटाने उरलेला टप्पा जड जातो.

त्या टप्प्यात बुलढाणा जिल्हा मागे पडून अकोला जिल्हा लागतो. पारसच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसू लागतात. प्रदेश सपाट असल्याने त्या जवळ भासतात, पण बराच वेळ चालूनही तेवढ्याच दूर राहतात. चिमणी दिसली म्हणून पाणी संपवून टाकू नये.

मुक्कामी पोचल्यावर आधी पाय धुऊन कोरडे करावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. मग भिंतीला पाय उंच टेकवून थोडं पडावं आणि हरिपाठाला बसावं. कीर्तनानंतर जागरण करत गप्पा मारायचा मोह होतो, पण सकाळी गायगावकडे निघायचं असतं. पिशवी रात्रीच बांधून उशाशी ठेवलेली बरी.