डोंगरउतारावरची माती राखताना
२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गाडली गेली.

इथल्या उतारांवर कातळावर मातीचा थर असतो. मुसळधार पावसाचं पाणी त्यात मुरतं, माती जड होते आणि घसरते. म्हणून घरासाठी, रस्त्यासाठी उतार उभा कापू नये. पाणी वळवणारे चर पावसाआधी मोकळे करावेत. बांधावर वाळा लावावा. त्याची खोल, सरळ मुळं वरची माती घट्ट धरतात. मोठी दरड मात्र वाळ्याने थांबत नाही. जमिनीला भेग पडली, झाडं कलली, झरा अचानक गढूळला, की लगेच घर सोडावं.