दिशांच्या नावांचे मूळ

वाशीम येथे उपलब्ध झालेल्या, वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या चौथ्या शतकातील ताम्रपटात, दान दिलेले गाव नांदिकडाच्या उत्तर मार्गात असल्याचे नमूद आहे. नांदिकड म्हणजे नांदेड, असे अभ्यासक मानतात. वत्सगुल्माहून, म्हणजेच वाशीमहून, दिलेल्या त्या दानापासून आजच्या खरेदीखतातील चतुःसीमेपर्यंत जमिनीची ओळख दिशेच्या शब्दानेच पटवावी लागते. हे शब्द आले कोठून?

उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम आणि उजव्या हाताला दक्षिण. संस्कृतात ‘दक्षिण’ या शब्दाचा अर्थच उजवा; ‘उत्तर’ म्हणजे अधिक वरची. रशियन, पोलिश आदी भाषांची जननी असलेल्या प्राचीन स्लाव्ह भाषेत ‘दक्षिण’ शब्दाचा सगोत्र ‘देस्नु’ होता. तो मात्र उजव्या हातापाशीच थांबला. दक्षिण दिशेला तेथे ‘युगु’ हा निराळा शब्द होता. युगोस्लाव्हिया, म्हणजे दक्षिणी स्लाव्हांची भूमी, या नावात तो दिसतो. रशियन भाषेत पश्चिमेला ‘झापद’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ सूर्याचे मावळणे. आपल्या ‘मावळती’मागे हीच कल्पना आहे.

आपल्या शाळांत मात्र नकाशाची वरची कड म्हणजे उत्तर, एवढेच पुष्कळदा घोकून घेतले जाते. मग नकाशा मिटला की दिशाही मिटते. शिक्षकांनी मुलांना एकदा सकाळी मैदानावर सूर्यासमोर उभे करावे. शब्दाचा अर्थ तेथेच उमगेल आणि उद्या स्वतःच्या शेताची चतुःसीमा वाचताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.