नाताळगीते आणि रसिकाचा अपेक्षाभंग

मराठीतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. 'नाताल' या पोर्तुगीज शब्दाचे मूळ 'जन्मासंबंधीचा' या अर्थाच्या 'नातालिस' या लॅटिन विशेषणात आहे. आणि इंग्रजी नाताळगीतांतून ऐकू येणारा 'नोएल' हा शब्दही फ्रेंच भाषेच्या वाटेने त्याच मुळापासून निघालेला आहे. या गीतांना इंग्रजीत 'कॅरल' असे जे नाव आहे, त्याची कुळकथा मात्र निराळी. जुन्या फ्रेंचमधील 'कारोल' म्हणजे हातात हात गुंफून, फेर धरून करावयाचे नृत्य व त्यासोबतचे गीत. अग्रणीने कडवे म्हणावे आणि फेरातील सर्वांनी ध्रुपद उचलावे, अशी त्याची रीत. पुढे नृत्य गळाले आणि गीत चर्चमध्ये व घरोघर गेले. परंतु हे गीत एकट्याचे नव्हे, फेराचे आहे, ही जाणीव त्याच्या घडणीत अद्याप शिल्लक आहे. विसाव्या शतकातील एका लहानशा परंतु लक्षणीय प्रकाराचा उलगडा करताना ही व्युत्पत्ती उपयोगी पडते.

तो प्रकार असा. अमेरिकेत एखादा गायक लोकप्रिय झाला, की केव्हा ना केव्हा तो नाताळगीतांचा एक संग्रह ध्वनिमुद्रित करतो. त्याचे निष्ठावंत श्रोते तो उत्सुकतेने विकत घेतात, एकदा ऐकतात आणि खट्टू होतात. ज्या गळ्यावर त्यांनी जीव लावला तोच गळा, वाद्यमेळही बहुधा ओळखीचा. तथापि काहीतरी हरवले आहे अशी त्यांची तक्रार असते. वाईट गायनाने झालेली निराशा समजण्यासारखी आहे. पण गायन बरे असूनही निराशा का व्हावी, हा खरा प्रश्न आहे.

याचे रूढ उत्तर 'पैसा' असे आहे, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. अर्व्हिंग बर्लिनचे 'व्हाइट ख्रिसमस' बिंग क्रॉस्बीने 29 मे 1942 रोजी ध्वनिमुद्रित केले. त्याच्या तबकड्या इतक्या निघाल्या की मूळ मुद्रणच झिजले, आणि 18 मार्च 1947 रोजी क्रॉस्बीला ते गीत पुन्हा गावे लागले. दरवर्षी नव्याने विकता येणारा माल कोणत्या व्यापाऱ्याला नको असेल? या तारखांवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. डिसेंबरात दुकानात ठेवावयाचे गीत वसंतात किंवा उन्हाळ्यात गावे लागते. फ्रँक सिनात्राने आपला 1957 चा नाताळ-संग्रह जुलैत गायिला, आणि मेल टॉर्मे व रॉबर्ट वेल्स यांनी 'द ख्रिसमस साँग' हे थंडीचे प्रसिद्ध गीत 1945 च्या ऐन उन्हाळ्यात रचले. त्यातून गीतांचा साठाही लहान. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील काही स्तोत्रे आणि 1940 च्या आगेमागे न्यूयॉर्क व हॉलिवूड येथील व्यावसायिक रचनाकारांनी केलेली काही गीते एवढ्यावरच बहुतेकांचा निर्वाह चालतो. या रचनाकारांपैकी बर्लिन, टॉर्मे, 'रुडॉल्फ'चा कर्ता जॉनी मार्क्स असे कितीतरी जण ज्यू होते, हे सहज नमूद करण्यासारखे आहे. तेव्हा कोणताही नवा संग्रह श्रोत्याच्या हाती येतो तो दहा गळ्यांतून आधीच ऐकलेली गीते घेऊन.

परंतु व्यापाराचे हे कारण पुरे पडत नाही. कारण जे संग्रह रसिकांनी डोक्यावर घेतले तेही व्यापारासाठीच निघाले होते. याहून खोल कारण भाषेच्या व्यवहाराकडे पाहिल्यास सापडते. मानवशास्त्रज्ञ मॅलिनॉव्हस्की याने 1923 मध्ये भाषेच्या एका अशा उपयोगाकडे लक्ष वेधले होते, की ज्यात शब्दांनी काही कळवावयाचे नसते, तर केवळ माणसामाणसांतील धागा शाबूत ठेवावयाचा असतो. 'काय, बरे आहे ना?' या प्रश्नाला प्रकृतीचा सविस्तर वृत्तान्त हे उत्तर नव्हे. अशा बोलण्यात नावीन्य हा गुण नसून दोष ठरतो. गणपतीची आरती म्हणताना कोणी एखाद्या ओळीला अनपेक्षित वळण दिले, तर त्याच्या प्रतिभेचे कौतुक होत नाही. टाळ्यांचा ठेका चुकला म्हणून शेजारचे वळून पाहतात. नाताळगीत हे याच जातीचे बोलणे आहे. लोकप्रिय गायकावर श्रोत्याचे प्रेम जडते ते मात्र नेमके उलट कारणाने, म्हणजे तो इतरांसारखा गात नाही म्हणून. नाताळ-संग्रहात या दोन अपेक्षा एकाच तबकडीवर समोरासमोर येतात. गायक स्वतःशी प्रामाणिक राहिला तर रीत मोडते, रीत पाळली तर तो स्वतः नाहीसा होतो.

एल्व्हिस प्रेस्लीच्या दोन संग्रहांत या पेचाची दोन्ही टोके दिसतात. 1957 च्या 'एल्व्हिसेस ख्रिसमस अल्बम'मध्ये त्याने 'व्हाइट ख्रिसमस' गायिले ते क्रॉस्बीच्या वळणाने नव्हे, तर 'ड्रिफ्टर्स' या कृष्णवर्णीय गायकवृंदाने 1954 मध्ये रूढ केलेल्या हेलकाव्याच्या चालीने. बर्लिन यामुळे इतका संतापला की हे गीत नभोवाणी केंद्रांनी वाजवू नये अशी खटपट त्याने केली, असे सांगतात. येथे निराश झाले ते रीतीचे रक्षक. एल्व्हिसचे चाहते मुळीच नव्हेत. अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या नाताळ-संग्रहांत या संग्रहाची गणना होते. पुढे 1971 च्या मे महिन्यात नॅशव्हिल येथे त्याने दुसरा नाताळ-संग्रह गायिला. यात स्वर शुद्ध आहे, समूहगायन नीटस आहे, कोणाचाही रोष व्हावा असे काही नाही. आणि हाच त्याचा दोष. एकामागून एक गीते एकाच संथ गतीने, जणू पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी, सरकत राहतात. मध्येच 'मेरी ख्रिसमस बेबी' हे 1940 च्या दशकातील 'ब्लूज' गीत येते, आणि जवळजवळ सहा मिनिटे वादक व गायक मोकळे सुटतात. त्या सहा मिनिटांमुळे उरलेल्या संग्रहाची मरगळ अधिकच जाणवते. गायकाला रीत पाळावयाची नव्हती आणि मोडण्याचा उत्साहही नव्हता, असेच या संग्रहाविषयी म्हणावे लागते.

अशा अपेक्षाभंगाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र बॉब डिलनचे आहे. 13 ऑक्टोबर 2009 रोजी 'ख्रिसमस इन द हार्ट' हा त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे वय 68 वर्षांचे होते. मिनेसोटातील ज्यू कुटुंबात 1941 मध्ये जन्मलेला, शब्दांच्या सामर्थ्यावर जगभर कीर्ती पावलेला, पुढे 2016 मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारा हा कवी-गायक पंधरा रूढ नाताळगीते गातो, आणि त्यांत स्वतःचे एकही गीत घालत नाही, याचे अनेकांना नवल वाटले. ही थट्टा असावी, असाही तर्क झाला. पैशाचे कारण तर येथे मुळातच बाद होते. कारण या संग्रहाचे मानधन त्याने भुकेल्यांना अन्न व निराधारांना आधार देणाऱ्या संस्थांना कायमचे देऊन टाकले होते. अमेरिकेत 'फीडिंग अमेरिका', ब्रिटनमध्ये 'क्रायसिस' आणि जागतिक अन्न कार्यक्रम अशा त्या संस्था. निंदा करू पाहणाऱ्यांची त्यामुळे थोडी पंचाईतच झाली.

संग्रह ऐकू लागताच चमत्कारिक वाटते. झांजघंटा, गोड गळ्यांचा समूह, 1950 च्या सुमाराच्या नभोवाणीवर शोभावी अशी वाद्यरचना. आणि या सर्वांच्या मधोमध वाळूवरून फरफटत नेलेल्या लाकडासारखा डिलनचा आवाज. 'अदेस्ते फिदेलेस'चे पहिले कडवे तो लॅटिनमध्ये म्हणतो तेव्हा ती अभिजात स्वरव्यंजने त्याच्या तोंडी खडबडीत होऊन येतात. श्रोत्यांनी दोष दिला तो मुख्यतः या आवाजाला. परंतु हा आवाज त्यांना नवा नव्हता. त्यापूर्वीच्या काही वर्षांतील त्याच्या संग्रहांत याच आवाजाची त्यांनी वाखाणणी केली होती. तेव्हा निराशेचे मूळ आवाजात नसून अन्यत्र शोधले पाहिजे.

ते डिलनच्या शब्दोच्चारणाच्या पद्धतीत सापडते. डिलनची खरी कला अक्षर तालाच्या किंचित आधी किंवा नंतर टाकण्यात, नको तेथे स्वर ताणण्यात आणि वाक्याचा भार अनपेक्षित शब्दावर ठेवण्यात आहे. स्वतःची जुनी गीतेही मैफिलीत तो अशा काही पालटून म्हणतो की श्रोत्यांना सोबत म्हणता येऊ नयेत. मुखडा कोणता हे ओळखायलाच कधी अर्धे कडवे जाते. 'ख्रिसमस इन द हार्ट'मध्ये त्याने हे सारे बाजूला ठेवले. चाली जशाच्या तशा आहेत, शब्द आपापल्या मात्रेवर पडतात, आणि खोलीतील कोणालाही त्याच्या सुरात सूर मिळवता येतो. ज्याने आयुष्यभर कोणाला सोबत गाऊ दिले नाही तो येथे सर्वांसाठी वाट मोकळी करतो. श्रोत्याला मात्र हा आपला डिलन नव्हे असे वाटते, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते.

डिलनच्या बाबतीत या तक्रारीला पूर्वेतिहास आहे. 25 जुलै 1965 रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विद्युत् गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली. पुढल्या वर्षी मँचेस्टर येथे एकाने भर सभागृहात त्याला 'ज्यूडास' म्हटले. लोकगीत हे सर्वांचे धन, आणि या माणसाने ते सोडून स्वतःचा आवाज मोठा केला, हा तेव्हाचा आरोप होता. 1979 मध्ये ख्रिस्ती श्रद्धेची गीते घेऊन तो रंगमंचावर आला, तेव्हाही सान फ्रान्सिस्कोत अनेकांनी नापसंती व्यक्त केली. परंतु ती गीते निदान त्याची स्वतःची होती. 2009 मध्ये आरोप नेमका उलटला. सर्वांचे धन जसेच्या तसे गायिले आणि स्वतःचा आवाज त्यात विरघळू दिला, हाच आता अपराध ठरला. वस्तुतः डिलनच्या दृष्टीने या दोन गोष्टींत अंतर नसावे. त्याच्या आरंभीच्या कित्येक चाली जुन्या लोकगीतांवरून घेतलेल्या आहेत. 'ब्लोइन इन द विंड'ची चाल गुलामांच्या मुक्तिगीतावरून आली आहे. संग्रह प्रसिद्ध झाल्यानंतरच्या एका मुलाखतीत, ही नाताळगीते आपल्याला लोकगीतांसारखीच वाटतात आणि ती सरळ गाण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

याचा अर्थ असा नव्हे की हा संग्रह सर्वत्र सरस उतरला आहे. 'द फर्स्ट नोएल'सारख्या दीर्घ स्वरांच्या गीतात त्याचा श्वास पुरत नाही, आणि समूहस्वरांचा गोडवा काही ठिकाणी चिकट होतो. रीत पाळली म्हणून गायन आपोआप चांगले ठरत नाही. एल्व्हिसचा 1971 चा संग्रह त्याला साक्षी आहे. फरक आहे तो एवढाच, की एल्व्हिसने रीत नाइलाजाने पाळलेली वाटते आणि डिलनने ती आपखुशीने स्वीकारलेली दिसते. 'मस्ट बी सँटा' या गीतात हे उघड होते. 1960 पासून प्रचलित असलेले हे बालगीत प्रश्नोत्तरांचे आहे: एकाने लक्षण विचारावे, इतरांनी ओळखावे, आणि प्रत्येक फेरीस मागील सर्व लक्षणांची माळ पुन्हा म्हणावी. डिलनने ते अकॉर्डियनच्या साथीने पोल्का नृत्याच्या भन्नाट गतीत गायिले, आणि सांताच्या हरणांच्या नावांत आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन, निक्सन अशी राष्ट्राध्यक्षांची नावे बेमालूम ओवून दिली. अग्रणी, फेर, ध्रुपद आणि नाच, असे मूळ 'कारोल'चे सर्व घटक येथे एकत्र आले आहेत. संग्रहावर नाक मुरडणाऱ्यांनीही या एका गीताला बहुधा सूट दिली.

आणखी एक मुद्दा काळाचा आहे. चाहता नवा संग्रह ऑक्टोबरात आणतो, दार लावून एकाग्रतेने ऐकतो आणि त्याच रात्री निकाल देतो. नाताळगीत अशा ऐकण्यासाठी घडलेलेच नाही. ते वर्षातून एक महिना, स्वयंपाकघरातून, अर्धवट, आणि अनेक वर्षे ऐकावयाचे असते. फिल स्पेक्टरचा 'अ ख्रिसमस गिफ्ट फॉर यू' हा संग्रह 22 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्याच दिवशी, प्रसिद्ध झाला. शोकाकुल देशात तो खपला नाही. 1972 मध्ये 'ॲपल' कंपनीने तो पुन्हा काढला, आणि आज तो या प्रकारातील उत्तम संग्रहांत गणला जातो. त्याच्या पहिल्या डिसेंबरात ज्यांनी तो बाजूस सारला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी तो पुढे दरवर्षी वाजला असणे अगदी शक्य आहे. डिलनच्या संग्रहाच्या वाट्याला असे भाग्य येईलच असे नाही. परंतु पहिल्या ऐकण्यात जे उणे वाटते ते विसाव्या ऐकण्यातही उणेच राहील, असे गृहीत धरणे या गीतप्रकाराच्या बाबतीत धाडसाचे आहे.

या संग्रहाचा शेवट 'ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम'ने होतो, आणि त्या गीताच्या अखेरीस डिलन 'आमेन' म्हणतो. मूळ हिब्रू असलेला हा शब्द ज्यू उपासनेतून ख्रिस्ती उपासनेत आला. दोन्हीकडे त्याचे कार्य एकच आहे: एकाने केलेल्या प्रार्थनेला जमलेल्यांनी दिलेली संमती. तो शब्द समुदायाने म्हणावयाचा असतो. सहा दशकांच्या वाटचालीत ज्याने स्वतःच्या शब्दांवाचून सहसा दुसऱ्याच्या शब्दांवर मैफल संपवली नाही, त्या गायकाने हा संग्रह त्या शब्दावर थांबवला आहे, आणि तोही कोणतीही मुरड न घालता, नेमका आपल्या मात्रेवर.