मार्गिका शिस्त

मार्गिका शिस्त म्हणजे रस्त्यावर आखलेल्या मार्गिकेत वाहन ठेवणे, एका मार्गिकेतून दुसरीत जाणे आणि इतर वाहनांना वाट देणे यांसंबंधीचे नियम व संकेत. बोलीभाषेत तिला 'लेनची शिस्त' असे म्हणतात. यांतील काही नियम कायद्याने बंधनकारक आहेत, तर काही केवळ वाहनचालकांच्या परस्पर सौजन्यावर टिकून आहेत. ही शिस्त मोडल्याने अपघात होतात, तसेच चालकांमध्ये भांडणेही उद्भवतात. वाहन चालवताना उफाळून दुसऱ्या चालकावर उलटणाऱ्या रागाला 'रोड रेज' ही संज्ञा रूढ झाली आहे.

मार्गिकांचा वापर

भारतात वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. त्यामुळे अनेक मार्गिकांच्या रस्त्यावर डावीकडील मार्गिका संथ व जड वाहनांसाठी, तर सर्वांत उजवीकडील मार्गिका पुढील वाहनास ओलांडण्यासाठी असते. ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. त्यावर प्रत्येक दिशेला तीन मार्गिका आहेत: डावी जड वाहनांसाठी, मधली हलक्या वाहनांसाठी आणि उजवी ओलांडण्यासाठी. ओलांडून झाल्यावर पुन्हा डावीकडे येणे अपेक्षित असते. एखादे वाहन उजव्या मार्गिकेत रेंगाळले, तर मागील चालक डावीकडून वाट काढू लागतात व तिन्ही मार्गिकांची व्यवस्था बिघडते.

मार्गिकांमधील तुटक पांढरी रेषा सुरक्षित असल्यास ओलांडता येते, सलग रेषा ओलांडण्यास मनाई असते. वळण, चढाचा माथा किंवा समोरचा रस्ता स्पष्ट दिसत नसलेली जागा येथे पुढील वाहनास ओलांडू नये असा नियम आहे. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी लागते.

मार्गिका बदलण्याची पद्धत

मार्गिका बदलताना प्रथम मधल्या व बाजूच्या आरशांत पाहावे. त्यानंतर इंडिकेटर द्यावा. आरशात न दिसणारा बाजूचा भाग, म्हणजेच ब्लाइंड स्पॉट, मान किंचित वळवून तपासावा आणि पुरेशी मोकळी जागा असेल तरच वेग फारसा न बदलता सावकाश सरकावे. इंडिकेटर ही केवळ सूचना असते. तो दिल्याने वाट मिळण्याचा हक्क प्राप्त होत नाही. त्या मार्गिकेत आधीपासून असलेल्या वाहनाचा हक्क पहिला असतो. एका वेळी एकच मार्गिका बदलावी.

पुढील वाहनापासून किमान २ सेकंदांचे अंतर ठेवावे, असा संकेत आहे. पुढचे वाहन एखाद्या खांबापाशी पोहोचल्यावर मोजायला सुरुवात केली, तर आपले वाहन तेथे २ सेकंदांच्या आत पोहोचता कामा नये. ताशी १०० किलोमीटर वेगात हे अंतर सुमारे ५५ मीटर होते. ओल्या रस्त्यावर ते दुप्पट ठेवणे श्रेयस्कर ठरते.

मार्गिका जेथे संपते तेथे दोन्ही रांगांतील वाहनांनी आळीपाळीने एकेक करून पुढे जाण्याच्या पद्धतीस जर्मनीत वाहतूक नियमांचे स्थान आहे. कपड्याच्या चेनचे दात एकमेकांत गुंततात त्यावरून तिला तेथे नाव मिळाले आहे.

शेजारची मार्गिका वेगवान वाटण्याचे कारण

कोंडीत शेजारची रांग नेहमीच पुढे सरकते असे वाटते. डोनाल्ड रेडेलमायर व रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात या भासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपली रांग वेगात असताना शेजारी दाटीने उभी असलेली अनेक वाहने क्षणार्धात मागे पडतात. शेजारची रांग वेगात असताना मात्र तिच्यातील विरळ वाहने एकेक करून पुढे जाताना दीर्घकाळ दिसत राहतात. त्यामुळे दोन्ही रांगांचा सरासरी वेग सारखा असतानाही आपण मागे पडत आहोत असे वाटते. वारंवार मार्गिका बदलून मिळणारा लाभही बहुधा अल्प असतो. ९४.५ किलोमीटरच्या प्रवासात सरासरी वेग ताशी ८० वरून ९० किलोमीटर झाला, तरी सुमारे ८ मिनिटेच वाचतात.

संतापाची कारणे

जेरी डेफेनबाखर व सहकाऱ्यांनी १९९४ साली वाहन चालवतानाचा राग मोजणारी मापनश्रेणी तयार केली. तीत रागाची सहा निमित्ते दिली आहेत: शत्रुत्वाचे हावभाव, नियमबाह्य चालवणे, पोलिसांची उपस्थिती, संथ चालवणे, असभ्य वर्तन आणि वाहतुकीतील अडथळे. दुसऱ्याची चूक त्याच्या स्वभावाला आणि स्वतःची चूक परिस्थितीला चिकटवण्याची मानवी प्रवृत्तीही यास कारणीभूत ठरते. बंद मोटारीतून समोरच्या चालकाचा चेहरा दिसत नाही, त्याची बाजू ऐकू येत नाही. हॉर्न आणि डिपर यांचे अर्थही संदिग्ध असतात. एकच डिपर 'तुम्ही पुढे जा' असाही समजला जातो आणि 'मी येत आहे, थांबा' असाही.

संतप्त चालकाशी वर्तन

मागील वाहन फार जवळ आल्यास जागा मिळताच डावीकडे सरून त्यास पुढे जाऊ द्यावे. त्यास धडा शिकवण्यासाठी अचानक ब्रेक दाबणे दोघांच्याही जिवावर बेतू शकते. आपली चूक झाली असल्यास हात उंचावून ती मान्य करावी. समोरच्याने हुज्जत घातली तरी नजरेला नजर देणे, हातवारे करणे किंवा वाहनातून उतरणे टाळावे. पाठलाग होत असल्यास घराकडे न जाता पोलीस ठाणे, टोल नाका किंवा वर्दळीचा पेट्रोल पंप गाठावा. दारे बंद ठेवून ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधता येतो.

कायदेशीर तरतुदी

भारतात १९८९ च्या रस्ता नियमांच्या जागी २०१७ साली मोटार वाहन (वाहनचालन) विनियम लागू झाले. त्यांचे उल्लंघन केल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७७अ अन्वये ५०० ते १,००० रुपये दंड होतो. धोकादायक वाहनचालनास कलम १८४ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात नियमबाह्य रीतीने ओलांडण्याचाही समावेश आहे. भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहनचालन (कलम २८१), वाट अडवणे (कलम १२६) व इजा पोहोचवणे (कलम ११५) हे स्वतंत्र गुन्हे आहेत.

डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळा येथे रस्त्यात उभ्या केलेल्या वाहनावरून वाद होऊन मारहाण झाली व त्यात एका ६५ वर्षीय व्यक्तीचा मृत्यू झाला. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली माजी क्रिकेटपटू व राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांना केवळ १,००० रुपये दंड केला होता. पुनर्विलोकन याचिकेनंतर मे २०२२ मध्ये ती शिक्षा वाढवून एक वर्ष सक्तमजुरी करण्यात आली. काही मिनिटांच्या वादाचा न्यायालयीन शेवट होण्यास तेहेतीस वर्षांहून अधिक काळ लागला.