वारशाचा निर्णय आणि नागरिकाचा शब्द

एखादे प्राचीन मंदिर, लेणे अथवा दुर्ग राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून घोषित करण्याचा केंद्र सरकारचा मानस झाला, म्हणजे 1958 च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यान्वये सरकारला तशी अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते, तिची एक प्रत त्या वास्तूजवळ ठळक जागी लावावी लागते, आणि त्या वास्तूशी हितसंबंध असलेल्या कोणी दोन महिन्यांच्या मुदतीत हरकत घेतली तर तिचा विचार केल्यावाचून अंतिम घोषणा करता येत नाही. 2010 साली या कायद्यात दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवतीचा 100 मीटरचा पट्टा नव्या बांधकामास निषिद्ध ठरला, त्यापुढचा 200 मीटरचा पट्टा नियंत्रित झाला, आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन होऊन स्मारकागणिक उपविधी करण्याचे ठरले. या उपविधींचे मसुदेही लोकांच्या हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होतात. मात्र राजपत्र वाचण्याचा प्रघात आपल्याकडे वकिलांच्या कचेऱ्यांबाहेर फारसा नाही, आणि ज्याच्या परसात स्मारकाची तटबंदी उभी आहे त्या गृहस्थाला नियमाची वार्ता लागते ती बहुधा घराच्या डागडुजीची परवानगी मागावयास गेल्यावरच.

वस्तुतः आपल्या प्रांतात वारशाची चिंता सरकारच्या आधी लोकांनी वाहिली आहे. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी 1895 साली ‘केसरी’तून लोकवर्गणीची चळवळ उभारली, तेव्हा कर्झनचा 1904 चा स्मारक-संरक्षण कायदा व्हावयास अद्याप नऊ वर्षांचा अवकाश होता. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दफ्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले ते कोणाच्या हुकमाने नव्हे. आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही लोकांच्याच उद्यमाने.

मुंबईचा अनुभव याहून अधिक बोधप्रद आहे. 1995 साली शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा-इमारतींची श्रेणीबद्ध यादी आणि तिच्यासाठी सल्लागार समिती यांचा समावेश झाला. अशी नियमावली करणारे हे देशातील पहिले शहर, आणि तिच्यामागे वास्तुविशारद, इतिहासप्रेमी व जागरूक रहिवासी यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. 2018 मध्ये ओव्हल मैदानाच्या एका अंगाची उच्च न्यायालय व विद्यापीठाची गॉथिक वास्तुपंक्ती आणि दुसऱ्या अंगापासून मरीन ड्राइव्हपर्यंतची आर्ट डेको घरे मिळून 94 इमारती जागतिक वारसा ठरल्या, त्यातही पुढाकार रहिवाशांच्या संघटनांचाच होता.

परंतु नागरिक म्हणजे केवळ वारशाचा कैवारी, असे समजणे भाबडेपणाचे होईल. 2012 साली महापालिकेने वारसा-यादीचा विस्तार प्रस्तावित केला, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातील रहिवाशांनी तिला कडाडून विरोध केला. त्यांना आपल्या वस्तीचा अभिमान नव्हता असे कोण म्हणेल? जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीची वाट अडेल ही त्यांची धास्ती होती, आणि सार्वजनिक गौरवासाठी येणारा दुरुस्तीचा खर्च खाजगी कुटुंबाने एकट्याने का सोसावा, या प्रश्नाला यादीत उत्तर नव्हते. माझ्या मते तो विरोध जितका वारशाला होता, त्याहून अधिक न विचारता ठरविण्याच्या रीतीला होता. यादी तयार होण्यापूर्वीच त्या घरांतील माणसांशी बोलणे झाले असते, करसवलतीचा अथवा दुरुस्तीच्या साहाय्याचा प्रश्न आधीच पुढे घेतला असता, तर पुष्कळशी कटुता टळली असती.

हाच प्रश्न आता डोंगरमाथ्यांवर उभा आहे. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 दुर्ग जागतिक वारसा यादीत दाखल झाले. त्यांपैकी 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी. यांतील पन्हाळ्यावर नगरपरिषद असलेले नांदते गाव आहे. तेथील माणसाला विचारल्यावाचून केलेला आराखडा कागदावर कितीही सुबक असला तरी गडावर टिकावयाचा नाही. राज्यघटनेच्या 51-क अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. ज्याच्यावर कर्तव्याचा भार टाकला, त्याला निर्णयाच्या आरंभी बोलावणे हे उपकाराचे नव्हे, न्यायाचे काम आहे. म्हणून मसुदे मराठीत निघावेत, ते ग्रामसभेत व प्रभागात वाचले जावेत, आणि कोणती हरकत मानली, कोणती फेटाळली व का, हे सरकारने लेखी कळवावे, एवढी मागणी तरी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या जुन्या वास्तूजवळ सरकारी कागद लावलेला दिसला तर तो तेथेच उभे राहून वाचा, त्यावरील तारीख टिपून घ्या आणि आपले म्हणणे लेखी पाठवा. कारण दोन महिन्यांची ती मुदत कागद आपल्या दृष्टीस पडल्यापासून नव्हे, अधिसूचना निघाल्यापासून मोजली जाते.